अर्धा सूर खाली

एल्डन प्रूएटला दोघांनी दंडाला धरून मंचावर चढवलं.
तिसऱ्याने गिटार दिली,
तान्हं मूल हाती देतात तशी, मान सांभाळून.
शार्प काउंटीची जत्रा, डुकरांच्या तंबूची मागची बाजू,
वाऱ्याची दिशा आपल्याला सोयीची नाही.

मी दुसऱ्या रांगेत. घडीची खुर्ची,
तिचा एक पाय मातीत रुतलेला.
पहिली रांग मी कधीच धरत नाही.
इतक्या जवळून त्याची बोटं बघायची
म्हणजे न विचारता कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं.

तशी आमची ओळख नाही.
एकदाच बोललाय माझ्याशी, एक्याण्णव साली, बेट्सव्हिलमध्ये:
"बाई, तुमची किल्ली पडली."
खरंच पडली होती.

टेप बाबांची.
पेट्रोल पंपावरच्या गोल फिरत्या स्टँडवरून उचललेली,
सुटे पैसे परत घ्यायचा कंटाळा आला म्हणून.
बाबा गाण्यातले नव्हते. कोंबडीखाद्याच्या पोत्यांतले होते.
पण ते एक गाणं, म्हाताऱ्याचं,
खेचर विकून टाकलं तरी दर महिन्याला
दुकानातून मिठाचा खडा आणणाऱ्या म्हाताऱ्याचं,
ते लागलं की बाबा गाडीचा वेग कमी करायचे.
बोलायचे काहीच नाहीत.
रस्ता मात्र लांबायचा.

पिकअप माझ्याकडे आली, टेपही आतच आली.
अर्कन्सासचा उन्हाळा काचेतून डॅशबोर्डवर ओतत राहिला
वर्षानुवर्षं,
आणि ती फीत ताणत गेली, केसाकेसाने.
प्रूएटचा आवाज उतरत गेला.
मला कळलंच नाही, रोज बघतो ते पोर
कधी वाढतं हे जसं कळत नाही.

जोन्सबरोच्या हॉस्पिटलमधून परतले त्या रात्री
शेजारच्या सीटवर बाबांचे बूट होते, फक्त बूट.
अंगणात इंजिन बंद केलं
आणि टेपच्या दोन्ही बाजू ऐकल्या, पुन्हा पहिली.
कुत्रा येऊन दाराशी बसला.
मिठाच्या ओळीपाशी फीत चुरगळलेली,
तिथे प्रूएट दरवेळी एक शब्द गिळायचा.
त्या रात्रीही गिळला.
मला वाटलं, ह्याला माहीत आहे.

नंतर कधीतरी भाच्याने नवी कोरी सीडी दिली.
तीच गाणी, स्वच्छ धुतलेली.
कोण हा पोरगा, कुठे निघालाय एवढ्या घाईने?
मिठाची ओळ सरळ म्हणून मोकळा झाला.
भाच्याला म्हटलं, छान आहे रे.
ती अजून शिवणाच्या डब्यात आहे.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
मागून पोरं हेल काढून त्याची नक्कल करायची,
गायीसारखी हंबरायची.
त्यातलाच एक, रॉस्को टिडवेल, आज पलीकडे बसलाय,
टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

आणि आता प्रूएट सुरू करतो.
गिटार खाली उतरवून लावलेली,
कारण गळा वर जात नाही.
लय ढिली, कारण बोटं सुजलेली.
स्टील गिटारवाला व्हर्लन त्याच्यासाठी थांबतो,
म्हाताऱ्या बायकोसाठी फाटकाशी थांबावं तसा.

पहिल्या कडव्यालाच माझ्या पाठीवर काटा.
हा सूर मला माहीत आहे.
मूळ सुराच्या अर्धा सूर खाली,
हाच रेंगाळणारा, उन्हात ताणलेला.
चाळीस वर्षं ही माझी टेप खराब होत नव्हती तर.
पुढे जाऊन बसली होती,
त्याची वाट बघत.

मिठाची ओळ आली.
त्याचा श्वास संपला, आणि एक शब्द गेला,
तोच.
लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या.
मी नाही वाजवल्या. हात मांडीखाली धरून बसले.

तिसरं कडवं त्याला आठवलं नाही.
मला येत होतं.
ओठ घट्ट मिटून घेतले.
व्हर्लनने ते स्टीलवर वाजवलं, बिनशब्दांचं,
आणि प्रूएट मान डोलावत ऐकत राहिला,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

खुर्च्या मिटताना माझी तेवढी निघेना.
रॉस्कोने ओढून काढली, म्हणाला, "बसवाल्या बाई ना तुम्ही?"
मंचाखाली प्रूएटला कुणी पाणी पाजत होतं.
चार पावलांवर.
गेले नाही.
खिशात हात घालून बघितलं,
किल्ली होती.